मागच्या दारी कायोटी

गेल्या महिन्यात या सदरात मी कुत्र्यांच्या दातांवर लिहिलं होतं. पत्रं आली ती मात्र जवळजवळ सगळी कायोटींची. तेव्हा या वेळचं सदर त्यांनाच देते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात 22 वर्षं प्राण्यांच्या दवाखान्यात टेक्निशियन म्हणून काम करते आहे. डॉक्टर टाके घालतात तेव्हा जनावराला धरून ठेवणारे हात माझे असतात.

आधी नावाचं सांगते. पत्रांत कुणी त्याला कोल्हा म्हटलंय, कुणी लांडगा. कायोटी हा उत्तर अमेरिकेतला रानटी प्राणी, त्यांच्याच कुळातला, पण जात वेगळी. आपल्याकडच्या कोल्ह्याहून अंगाने मोठा, लांडग्याहून बराच लहान. वजन साधारण 9 ते 20 किलो, हिवाळ्यात केस दाट होतात म्हणून दिसायला दुप्पट. पळताना शेपूट खाली असते, ही त्याची खूण. आणि तो फक्त रानातला, हा समज सोडून द्या. 2007 च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या भर वस्तीत एक कायोटी भरदिवसा सँडविचच्या दुकानात शिरला आणि थंड बाटल्यांच्या उघड्या कपाटात जाऊन बसून राहिला होता.

प्रश्न : ताई, आमची साडेचार किलोची शित्झू कुत्री गेल्या महिन्यात गेली. सकाळी सहाला मागचं दार उघडलं, ती रोजच्यासारखी गवतावर गेली. मी चहाचा कप घेऊन दारातच उभा होतो. कुंपण चार फुटांचं. दहा सेकंदही झाले नसतील. ओरडत धावलो, तोवर तो तिला तोंडात धरून कुंपणापलीकडे गेला होता. बायको माझ्याशी धड बोलत नाही. तिचा भाऊ, म्हणजे आमचा दुसरा कुत्रा, दिवसभर त्या दारापाशी बसून असतो. माझं चुकलं का? आणि आता त्याला बाहेर कसं न्यायचं? (नेपरव्हिलजवळून एक वाचक)

तुमचं पत्र दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला.

तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. चार फुटांचं कुंपण कायोटीला अडवत नाही आणि दारात उभं राहणं म्हणजे तिच्यासोबत असणं नव्हे. पण हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं? घर घेताना कुणी सांगत नाही, पिल्लू घरी आणताना कुणी सांगत नाही. आम्ही दवाखान्यातले लोक लसींच्या तारखांचा कागद हातात देतो आणि पुढच्या पेशंटला हाक मारतो. यात आमचीही कसूर आहे, आणि तुमच्या पत्रानंतर मी नव्या पिल्लाच्या प्रत्येक घराला हे तोंडाने सांगायचं ठरवलंय. वहिनींना माझ्याकडून एक सांगा: त्या सकाळी दार त्यांनी उघडलं असतं तरी त्यांच्याही हातात चहाचाच कप असता.

झालं काय असेल ते सांगते, म्हणजे दुसऱ्याला जपता येईल. कायोटी रागाने येत नाही. गवतात हलणारं, लहान, केसाळ आणि एकटं काहीतरी त्याला दिसतं, तेही उजाडताना, त्याच्या शिकारीच्या वेळी. आणि रोज ठरल्या वेळी उघडणारं दार त्याच्या ध्यानात राहतं. तो आपल्या सवयी आपल्यापेक्षा नीट ओळखतो.

म्हणून आधी वेळ मोडा. सहाऐवजी कधी पावणेसात, कधी साडेसात. बाहेर पाऊल आधी तुमचं पडू दे, कुत्र्याचं नंतर. दिवा लावा, झुडपांच्या मागे, ग्रिलच्या पलीकडे, कोपऱ्यात नजर टाका, दोन टाळ्या वाजवा. आणि स्वतःच्या अंगणातसुद्धा पट्टा, सहा फुटांचा, साधा. बटण दाबून लांब होणारा पट्टा नको. त्या बारीक दोरीवर वीस फूट पुढे गेलेलं कुत्रं तुम्हाला एका झटक्यात मागे ओढता येत नाही, आणि दोरी हातात धरून ओढली तर तळवा कापतो. समोर कायोटी दिसला तर कुत्र्याला उचलून छातीशी घ्या, पण पाठ फिरवून पळू नका. पळणारं दिसलं की तो मागे लागतो. तोंड त्याच्याकडे ठेवून ओरडत हळूहळू मागे या.

कुंपणाचं म्हणाल तर किमान सहा फूट हवं. कायोटी कुंपण एका उडीत पार करतो असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा तो उडी मारून वरच्या कडेला पुढचे पंजे अडकवतो आणि मागच्या पायांनी रेटा देत चढतो. म्हणून कुंपणाच्या माथ्यावर फिरता रूळ बसवतात. पंजा पडला की रूळ गरकन फिरतो आणि पकड सुटते. खालूनही तो उकरतो. तिथे जाळी फूटभर पुरा, किंवा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी अंथरून खिळवा. मानेवर आणि पाठीवर काटे असलेलं जाकीट लहान कुत्र्यांसाठी मिळतं. कायोटी तिथेच चावा घेतो, त्यामुळे ते जरूर घ्या. पण जाकीट घातलं म्हणून एकटं सोडू नका.

आता अंगणात काय आहे ते बघा. तुम्ही म्हणाल, आम्ही काही बाहेर टाकत नाही. पक्ष्यांना दाणे टांगता का? खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांवर कायोटी. आमच्या कुक काउंटीत, म्हणजे शिकागोच्या जिल्ह्यात, 2000 सालापासून कायोटींचा अभ्यास चाललाय. त्या अभ्यासकांनी कायोटींच्या विष्ठेचे चौदाशेहून जास्त नमुने तपासले. 42 टक्के नमुन्यांत उंदरांसारखे लहान कुरतडे निघाले, 23 टक्क्यांत फळं, 22 टक्क्यांत हरीण, 18 टक्क्यांत ससे. एका नमुन्यात दोन-तीन गोष्टी असतात म्हणून बेरीज शंभरावर जाते. मांजर निघालं ते जेमतेम एका टक्क्यात. म्हणजे तो तुमच्या कुत्रीसाठी त्या गल्लीत आला नव्हता. उंदीर, ससे, झाडाखाली पडलेली सफरचंदं यांसाठी तो रोजच येत असणार. ती एका सकाळी त्याला दिसली.

आणखी एक, हे माझ्या टेबलावरचं आहे. मागे एक लहान कुत्रा आणला होता. मालक म्हणाले, नुसतं खरचटलंय, पाठीवर दोन बारीक भोकं आहेत, उद्या आणलं असतं तरी चाललं असतं. मी केस भादरले. वरून तांदळाच्या दाण्याएवढी दोन भोकं, पण बोट लावलं तर कातडी खालच्या मांसापासून वीतभर सुटलेली. कायोटी धरतो आणि झटकतो, त्यात आतलं सगळं फाटतं. तो कुत्रा वाचला, कारण त्याच तासात आणला होता. म्हणून कायोटीचा दात लागल्याचा नुसता संशय आला तरी थांबू नका. रेबीजची लस वेळेवर झालेली असेल तर लगेच एक बूस्टर देतात आणि 45 दिवस लक्ष ठेवायला सांगतात. लस चुकलेली असेल तर प्रकरण फार अवघड होतं, महिनोन्‌महिने वेगळं ठेवावं लागतं. आजच्या आज कार्ड काढून तारीख बघा.

भावाला त्या दारापासून उठवू नका. तुम्हीच त्याच्या शेजारी जमिनीवर बसा, हाताने चार घास भरवा. काही दिवस त्याला पुढच्या दाराने फिरायला न्या. मागचं दार त्याच्याबरोबर उघडाल तेव्हा पट्ट्याचं दुसरं टोक तुमच्या मनगटात असू दे.

प्रश्न : मी 71 वर्षांचा. सातारा जिल्ह्यातून मुलीकडे डेन्व्हरला आलो आहे. संध्याकाळी तिचा लॅब्रॅडॉर घेऊन नाल्याकाठी फिरायला गेलो असता एक कायोटी मागे लागला. आम्ही थांबलो की तो थांबे, चाललो की चाले. दोनशे पावलं तरी आला असेल. आमच्याकडे उसात कोल्हे असतात, ते माणूस दिसताच पळतात. हा का पळाला नाही? मुलगी आता मला एकट्याला बाहेर सोडत नाही.

काका, तारीख तुम्ही मे महिन्याची लिहिलीत, तिथेच उत्तर आहे. कायोटींचं जुळणं जानेवारी ते मार्च, त्यानंतर साठेक दिवसांनी पिल्लं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये त्या नाल्याकाठी कुठेतरी बीळ आहे आणि त्यात डोळे नुकते उघडलेली पाच-सहा पिल्लं असावीत. तो तुमच्या मागावर नव्हता, तुम्हाला पोचवायला आला होता. मोठं कुत्रं आपल्या बिळापासून लांब जाईपर्यंत आई किंवा बाप असंच अंतर राखून मागे चालतो. रस्ता बदला, उन्हाळा सरेपर्यंत तो नालाकाठ टाळा. पुन्हा तिथे तसं झालंच, तर कुत्र्याला जवळ आवळून, त्याच्याकडे बघत, शांतपणे निघून या. बिळाजवळ त्याला हाकलायला जाऊ नका. घर सोडून तो हटणार नाही, उलट पुढे येईल.

दुसरीकडे, म्हणजे गल्लीत, अंगणात, पार्किंगमध्ये तो निवांत उभा दिसला, तर मात्र अगदी उलट वागायचं. तिथे त्याला हाकलायचं, आणि ते तुम्हाला कुणी शिकवायला नको. शेतात कुत्र्याला घालता तसा पोटातून आवाज काढा, "हाऽऽड्!" हात वर करा, काठी आपटा, त्याच्या आसपास खडा भिरकवा. तो दोन पावलं जाऊन वळून बघेल. तेवढ्यावर थांबू नका, नजरेआड होईपर्यंत आवाज चालू ठेवा. अर्ध्यावर सोडलं तर एवढंच शिकेल की दोन पावलं सरकलं की माणूस गप्प होतो.

मुलीला हे वाचून दाखवा. अमेरिका आणि कॅनडा मिळून कायोटीच्या हल्ल्यात माणूस दगावल्याच्या नोंदी दोनच आहेत, 1981 ची कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलची आणि 2009 ची कॅनडातल्या केप ब्रेटनची. लहान मुलाला मात्र त्याच्या वावराच्या जागी एकटं सोडू नये. ग्लेंडेलचं मूल तीन वर्षांचं होतं. आणि रात्री वीस-पंचवीस जणांची टोळी ओरडतेय असं वाटलं तर घाबरू नका. दोघंच असतील. त्यांची कोल्हेकुई अशी चढत-उतरत, सूर बदलत येते की दोन गळ्यांची पलटण वाटते.

प्रश्न : आमचा बोका आठ वर्षांचा, रात्री बाहेर हिंडायची सवय. लॉस एंजेलिसला आल्यापासून शेजारी सांगतात, आत ठेव. त्याला घरात डांबणं क्रूरपणा नाही का?

नाही. वर मी शिकागोचा एक टक्का सांगितला, तो तुमच्यासाठी नाही. तुमच्या भागात नॅशनल पार्क सर्व्हिसने अशीच विष्ठा तपासली तेव्हा शहरी नमुन्यांत 20 टक्क्यांत मांजर सापडलं. तुमच्याकडे बाराही महिने बाहेर राहणारी मांजरं खूप, त्यांच्यासाठी ओट्यावर ठेवलेल्या वाट्या खूप, आणि कायोटी त्या वाटीपाशी येतो तेव्हा मांजरही तिथेच असतं.

बोका पहिले तीन-चार आठवडे दार खरवडेल, रात्री दोनला गळा काढेल. झोपायच्या आधी पंधरा मिनिटं दोरी-पीस घेऊन त्याला दमेपर्यंत खेळवा आणि मग जेवण द्या. मांजर शिकार करतं, खातं, अंग चाटतं आणि झोपतं, तो क्रम घरात लावून द्या. खिडकीला लागून जाळीची बंदिस्त गॅलरी करता आली तर उत्तम, वरूनही जाळी हवी. उंदरांसाठी विष मात्र ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर बोका खातो, घुबड खातं, कायोटीही खातो. यातली सगळ्यात जहाल विषं तुमच्या राज्याने 2021 पासून बहुतेक वापरांसाठी बंद केली आहेत.

प्रश्न : आमच्या वसाहतीच्या असोसिएशनमध्ये कायोटी पकडायला माणूस बोलवायचा ठराव आहे. मी मत कुठे द्यावं?

माझं मत विचाराल तर विरोधात. कारण दया हे नाही, निदान एवढंच नाही.

कायोटीची जोडी आपला इलाखा धरून राहते. आमच्याकडच्या अभ्यासात तो सरासरी पाच चौरस किलोमीटरचा निघाला. त्यात दुसऱ्या कायोटीला ते शिरू देत नाहीत. ही जोडी उचलली की जागा रिकामी होते, आणि इलाखा शोधत भटकणारे तरुण कायोटी सदैव आसपास असतात. काही आठवड्यांत नवा येतो, त्याला तुमच्या गल्लीचे रिवाज माहीत नसतात. या देशाने शंभर वर्षांहून जास्त काळ विष, सापळे, बंदुका आणि डोक्यामागे बक्षीस असं सगळं करून पाहिलं. तेवढ्या काळात कायोटी पश्चिमेच्या माळांवरून निघून हवाई सोडून प्रत्येक राज्यात पोचला. लांब रानात नेऊन सोडू म्हणाल तर कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत ते बेकायदा आहे. शिवाय अनोळखी जागी, दुसऱ्यांच्या इलाख्यात टाकलेलं जनावर क्वचितच टिकतं.

पण जो कायोटी माणसाच्या अंगावर आला, चावला, त्याच्याबाबत मी असं म्हणणार नाही. त्याला काढावंच लागतं. आणि तो तसा का झाला हेही मला ठाऊक आहे. आमच्याच गल्लीत एक नर होता, डावा कान फाटलेला. कित्येक वर्षं तो पहाटे टपालपेट्यांच्या रांगेमागून जायचा, माझ्या खिडकीतला दिवा लागला की थबकायचा आणि निघून जायचा. एका हिवाळ्यात शेजारच्या घरातून त्याला उरलेलं चिकन मिळायला लागलं. प्रेमानेच दिलं जायचं, थंडीत बिचारा उपाशी असेल म्हणून. मला माहीत होतं. मी बोलले नाही, शेजार बिघडेल म्हणून. मार्चपर्यंत तो दिवे लागले तरी थबकेना. एप्रिलमध्ये तो टपाल काढणाऱ्या एका बाईंच्या हातातल्या पिशवीवर आला आणि त्यांच्या बाहीत दात रुतवले. दोन दिवसांनी माणसं आली आणि त्याला गोळी घालून घेऊन गेली.

शिकागोच्या 236 कायोटींची जनुकं तपासून 2012 साली एक निबंध निघाला. एकाही जोडीच्या पिल्लांत दुसऱ्या नराचं पिल्लू सापडलं नाही. जोडीदार मरेपर्यंत ते एकमेकांशीच राहतात. त्या एप्रिलमध्ये पंधरा दिवस रात्री मैदानाच्या बाजूने एकच आवाज यायचा, आणि त्याला उत्तर येत नव्हतं.

म्हणून असोसिएशनमध्ये दुसरा ठराव मांडा: कायोटीला कुणी काही घालायचं नाही, कचऱ्याचे डबे आदल्या रात्री नव्हे तर सकाळी बाहेर, पिकनिकनंतर ताटं-हाडं त्याच संध्याकाळी उचलायची, कुत्र्या-मांजरांच्या वाट्या आत. आणि तो दिसला की सगळ्यांनी हाकलायचं, एकानेही "कित्ती गोड" म्हणून फोटो काढत उभं राहायचं नाही. शेजाऱ्याकडे घालताना दिसलं तर जाऊन बोला. मी बोलायला हवं होतं.

प्रश्न : मावशी, मी अकरा वर्षांची आहे. मिसिसॉगाला राहते. आमच्या शाळेमागे एक कायोटी दिसतो, त्याच्या अंगावर केसच नाहीत आणि तो दुपारी उन्हात झोपतो. सगळे म्हणतात तो पिसाळलाय. मला त्याला खायला द्यायचंय. देऊ का?

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं.

दुपारी दिसला म्हणून पिसाळला असं नसतं, धडधाकट कायोटीही दिवसा हिंडतात. तू लिहिलंस त्यावरून त्याला खरूज झालेली असावी. डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढे किडे कातडीत बिळं करतात. इतकी खाज येते की जनावर दिवसरात्र खाजवत राहतं. केस गळतात, कातडी जाड होऊन भेगा पडतात. केस नाहीत म्हणून थंडी वाजते, म्हणून तो उन्हात झोपतो.

खायला देऊ नकोस. तुला वाईट वाटेल, मला माहीत आहे. पण खाऊ मिळाला तर तो शाळेपाशीच राहील, मुलांच्या जवळ येईल, मग कुणीतरी घाबरेल आणि तक्रार करेल. शिवाय त्या खाऊवर दुसरे कायोटी आले तर त्यांनाही खरूज लागेल. जवळ जाऊ नकोस, तो झोपतो त्या गवतात बसू नकोस. घरात कुत्रा असेल तर बाबांना विचार, पिसवा-गोचिडांचं महिन्याचं औषध चालू आहे का. त्यातली काही औषधं खरजेच्या किड्यांवरही चालतात.

तू एक मोठं काम करू शकतेस. वहीत तारीख, वेळ आणि नेमकी जागा लिही: कुठलं झाड, कुठलं कुंपण. लांबून फोटो काढ. मग आई-बाबांना सांगून जखमी वन्य प्राण्यांवर उपचार करणाऱ्या तुमच्याकडच्या केंद्राला फोन करायला लाव. खरूज औषधाने बरी होते. पण त्याला शोधायला ते येतील तेव्हा तो रोज कुठे असतो हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

पुन्हा कधी दिसला तर त्याच्या शेपटीकडे बघ. आत्ता ती उंदराच्या शेपटीसारखी असेल. तिच्यावर केस यायला लागलेले दिसले, तर मला लगेच पत्र लिही.